इंजिनाच्या पोटाला शेंदूर

दिवाळीच्या तोंडावर घरात रंगाचे डबे आले की घरातल्या माणसांचे दोन पक्ष पडतात. एका पक्षाला भिंतीचा रंग कोणता, एवढेच ठरवायचे असते. दुसऱ्याला चिंता निराळी : जुना रंग नीट खरवडला का, अस्तराचा हात बसला का, भिंतीत ओल आहे का. पहिला पक्ष संख्येने नेहमीच मोठा. दुसऱ्या पक्षात बहुधा घरातले एखादे आजोबा आणि खुद्द रंगारी, एवढेच असतात. आणि पुढच्या पावसाळ्यात भिंतीला पोपडे धरले म्हणजे पहिला पक्ष रंगाऱ्याच्या नावाने बोटे मोडायला मोकळा!

आज ज्या रंगाविषयी लिहायचे आहे तो भिंतीचा नव्हे, पण हे दोन पक्ष तिथेही आहेत.

या पानाकडे छंदांविषयी जी पत्रे येतात त्यांत पोस्टाची तिकिटे, कुंड्यांतली झाडे, विणकाम यांचाच भरणा अधिक. यंदा मात्र एक पत्र अगदी निराळे आले. पत्रलेखक मूळचे पुण्याचे, पेशाने इंजिनियर; निवृत्तीनंतर इंग्लंडात लीड्सजवळ मुलाच्या शेजारी बिऱ्हाड थाटून राहिलेले. लीड्स म्हणजे आपल्या ‘फेअरी क्वीन’चे माहेर. १८५५ साली ते इंजिन तिथल्याच कारखान्यात घडले आणि जहाजातून कलकत्त्याकडे रवाना झाले. त्या गावचे पाणीच असे असावे, की निवृत्त माणसाच्या हातात वर्तमानपत्राऐवजी कानस येते. या गृहस्थांनी घरामागच्या शेडमध्ये लेथ बसवून गेली सहा वर्षे वाफेचे एक छोटे इंजिन घडवायला घेतले आहे. त्याचा सांगाडा आता तयार झाला आहे, चाके फिरू लागली आहेत, आणि गाडी अडली आहे ती रंगापाशी.

त्यांचे स्वतःचे मत काळ्याला. “तेलाचे डाग दिसत नाहीत, आणि खरी इंजिने तरी काय, काळीच असायची की!” असे ते लिहितात. त्यांच्या क्लबातले एक वयोवृद्ध इंग्रज स्नेही मात्र म्हणतात, बाहेरून काळा हवा तर द्या, पण सांगाड्याच्या आतल्या अंगाला लालच पाहिजे. एवढे सांगून ते थांबले नाहीत. आपल्या माळ्यावरचा लाल अस्तराचा एक जुना, गच्च बसलेला, हातात घेतला तर मनगट वाकवणारा डबा त्यांनी भेट म्हणून आणून दिला. असला माल आता बाजारात मिळत नाही, ही त्यांची वर खात्री.

पत्राच्या तळाशी वहिनींनी स्वतःच्या अक्षरात चार ओळी लिहिल्या आहेत. “भावजी, काळा की लाल याच्याशी मला कर्तव्य नाही. पण तो डबा आल्यापासून मला बरे वाटत नाही. नातू तीन वर्षांचा आहे आणि शनिवार-रविवार आजोबांच्या पायांत पायांत असतो. शिवाय रंगवलेले भाग भाजून काढायला यांना माझा ओव्हन हवा आहे. या दोहोंबद्दल काय ते स्पष्ट लिहा, म्हणजे मला ते दाखवता येईल.”

स्पष्टच लिहितो. पण त्याआधी, ज्यांना ‘छोटे इंजिन’ म्हटले की चावीचे खेळणे आठवते अशा वाचकांसाठी थोडा खुलासा केला पाहिजे.

हे खेळणे नव्हे. याच्या बॉयलरात खरे पाणी असते, भट्टीत खरा कोळसा जळतो, आणि ते आपल्यामागे ठेल्यावर बसलेल्या धडधाकट माणसाला ओढून नेते. आणि हे सारे साडेतीन इंचांच्या रुळांवर. म्हणजे दोन रुळांत अंतर एकोणनव्वद मिलिमीटर, वीतभरही नाही! एवढ्याशा यंत्राला माणूस ओढवेल यावर १९२० च्या सुमारास खुद्द इंग्लंडातही पुष्कळांचा विश्वास नव्हता. तो बसवला कर्ली लॉरेन्स नावाच्या एका अवलियाने. त्याचे ‘आयेशा’ नावाचे इंजिन तर अडीच इंची रुळांवरचे. त्याने माणसे ओढून दाखवली आणि शंकेखोरांची तोंडे बंद केली. लंडनच्या ‘मॉडेल इंजिनियर’ या साप्ताहिकात १९२४ पासून पुढे अनेक वर्षे तो ‘एल. बी. एस. सी.’ या नावाने लिहीत असे. तरुणपणी तो ज्या ‘लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट’ रेल्वेत नोकरीला होता तिचीच ही आद्याक्षरे. आपल्याकडे पाककृतींचे सदर चालते तशा थाटात त्याचे सदर चाले : आज पट्टी कापा, पुढच्या आठवड्यात भोके पाडा, त्याच्या पुढच्या आठवड्यात सिलिंडर बसवा. कारकून, शिक्षक, दुकानदार अशा कितीतरी साध्या माणसांनी त्याच्या भरवशावर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात इंजिने घडवली.

आपले पत्रलेखक घडवीत आहेत ते त्याचेच ‘टिच’. इंग्रजीत टिच म्हणजे चिमुकला. आपण टीचभर म्हणतो, तेव्हा नावाचे भाषांतर करण्याचे कारणच नाही. चार चाकांचे, दोन्ही अंगांना पाण्याच्या टाक्या असलेले हे इंजिन नवशिक्यासाठी म्हणून प्रसिद्ध आहे. आणि त्या नवशिक्याला ते पुरे करायला पाच-सात वर्षे लागतात!

आता सांगाडा म्हणजे काय ते पाहा. सुमारे तीन मिलिमीटर जाडीच्या दोन लांब पोलादी पाट्या कडेवर समांतर उभ्या करायच्या, पुढे आणि मागे आडव्या तुळयांनी त्या जोडायच्या. पाट्यांना खालून खाचा. त्या खाचांत आसांच्या पेट्या वरखाली सरकतात. बाहेरच्या अंगाला सिलिंडर. आतल्या पोकळीत, मागच्यापुढच्या आसांच्या आसपास, बॉयलरला पाणी पुरवणारा छोटा पंप आणि सिलिंडरला थेंबथेंब तेल पाजणारी तेलाची पेटी. आणि या सगळ्याच्या वर बॉयलरचे ओझे. एकदा बॉयलर, टाक्या, नळ्या चढल्या की आतली जागा अशी काही बुजते, की तिथे कुंचला तर सोडाच, बोटही जात नाही. भिंतीचा रंग चुकला तर पुढच्या दिवाळीला बदलता येतो. इथला रंग सुटला तर सहा वर्षांचे काम स्क्रू-स्क्रू करून पुन्हा उतरवावे लागते. म्हणून हा प्रश्न दिसतो तितका हौशी नाही.

इथे रंगावर कोण कोण चालून येते? पहिले तेल. सिलिंडरचे तेल घट्ट, काकवीसारखे. वाफेत मिसळून ते धुराड्यातून आणि नळांतून सर्वत्र शिंपडले जाते. मग पाणी, त्यात विरघळलेली राख. मग सफाईचे रॉकेल. आणि उष्णता. टिचच्या बॉयलरात दर चौरस इंचाला ऐंशी पौंड दाब धरला तर वाफेचे तापमान एकशे बासष्ट अंश सेल्सियस होते. सांगाडा स्वतः इतका तापत नाही. पण सिलिंडर त्याला बोल्टांनी घट्ट आवळलेले असतात आणि भट्टी दोन पाट्यांच्या मध्ये बसते, तेव्हा त्या दोन जागी ऊन चांगलेच लागते.

हे वाचल्याबरोबर बहुतेक नवशिके दुकानात जाऊन शेगडीचा काळा रंग आणतात, कारण डब्यावर सहाशे अंश असे छापलेले असते. आपल्या पत्रलेखकांच्याही मनात तो आहे. माझा याला सक्त विरोध. हा रंग धुराड्याखालच्या पेटीसाठी आहे, तिथेच तो शोभतो. तो बराचसा खडूसारखा, सच्छिद्र असतो. नीट तापवून पक्का झाला नाही तर तेल पितो, रॉकेलने पुसला तर फडक्यावर उतरतो, आणि नखाने ओरखडतो. सांगाड्याला सहाशे अंशांची गरज नसते, तेलाशी टक्कर देण्याची असते. ते काम साधे, चांगल्या प्रतीचे तैल-एनॅमल वर्षानुवर्षे करीत आले आहे. सिलिंडरच्या जवळ काळसर झाले तर होऊ द्या. तिथे बाहेरचा रंग काळाच आहे.

पण एनॅमल असो की आणखी काही, पोलादाला धरून राहण्याचे काम त्याचे नव्हे, ते अस्तराचे. आणि इथे आपण त्या डब्यापाशी येतो.

तो लाल अस्तर म्हणजे दुसरेतिसरे काही नसून आपला शेंदूर. मारुतीला वाहतो तो शेंदूर, शिशाचे लाल भस्म, जवसाच्या तेलात खललेला. गंमत म्हणजे देवाला तो आपण तेलातच कालवून लावतो. पोलादाला गंजापासून वाचवणारे याच्याइतके गुणी अस्तर पूर्वी दुसरे नव्हते. शिसे आणि तेल यांचा मिळून एक प्रकारचा साबण बनतो आणि तो गंजाला थोपवून धरतो. पूल, जहाजे, इंजिने, सर्वांच्या अंगावर तो फासला गेला. म्हणून त्या वृद्ध स्नेह्यांच्या डोळ्यांत त्या डब्याविषयी जी माया आहे ती मला कळते. जुन्या कारागिराचे जुन्या मालावर प्रेम असतेच, आणि त्यांनी तो दिला तो आपुलकीनेच.

तरीही तो डबा उघडू नये. शिसे शरीरात गेले तर मुलाच्या वाढत्या मेंदूला इजा करते. आणि जागतिक आरोग्य संघटनेने सांगून ठेवले आहे की अमुक एक प्रमाण निर्धोक, असे शिशाच्या बाबतीत माहीतच नाही. पोटात गेलेल्या शिशापैकी जेवढे मोठे माणूस शोषून घेते त्याच्या चार-पाच पट लहान मूल शोषते. अस्तर लावताना फारसे काही होणार नाही, असे आजोबा म्हणतील. लावताना कदाचित नाहीही. पण अस्तर घासावे लागते. त्याची धूळ बाकावर, जमिनीवर, आजोबांच्या बाह्यांवर बसते, आणि तीन वर्षांचे मूल जमिनीला हात लावून तो हात तोंडात घालते. यात वाद घालण्यासारखे काही उरत नाही. डबा तसाच बंद, नगरपालिकेच्या घातक कचरा घेणाऱ्या केंद्रावर नेऊन द्यावा, आणि स्नेह्यांना काय सांगायचे ते वहिनींनीच ठरवावे. त्यांना ते अधिक चांगले साधेल.

आपल्याकडच्या वाचकांनीही जाता जाता एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत नव्वद भागांपेक्षा अधिक नसावे, असा नियम आपल्या सरकारने २०१६ साली केला आणि तो २०१७ च्या नोव्हेंबरात लागू झाला. तो नियम घरगुती रंगांपुरता आहे. कारखान्यांत वापरावयाच्या रंगांना तो बांधत नाही. आणि माळ्यावरच्या जुन्या डब्यांना तर कोणताच नियम माहीत नसतो. दिवाळीत जुन्या खिडक्या-दारे घासायला काढाल तेव्हा पॉलिश पेपर ओला करून घासा, आणि मुलांना त्या दिवशी मामाकडे पाठवा.

तर शेंदूर गेला. पण लाल रंगाचे काय? इथे मी त्या इंग्रज आजोबांच्या बाजूचा आहे.

इंग्लंडातल्या पुष्कळ जुन्या रेल्वे कंपन्या इंजिनाचा सांगाडा बाहेरून काळा किंवा गडद ठेवीत आणि दोन पाट्यांच्या आतली बाजू मात्र भडक शेंदरी-लाल रंगवीत. ती बाजू प्रवाशाला कधी दिसत नसे. दिसे ती फक्त खालच्या खंदकात उतरून, डोक्यावर टनावारी लोखंड घेऊन, हातातल्या मिणमिणत्या दिव्याने तपासणी करणाऱ्या फिटरला. काळ्या रंगावर काळे तेल दिसत नाही. लालवर त्याचा ओघळ तत्काळ दिसतो. पोलादाला केसाएवढी चीर पडली की वरचा रंगही तडकतो, त्या फटीत तेल-काजळी शिरते आणि लाल पार्श्वभूमीवर काळी रेघ उमटते. जर्मनांनी तर हे उघडउघड केले. १९२० नंतरच्या दशकात त्यांच्या सरकारी रेल्वेने इंजिने वरून काळी आणि चाके-सांगाडा सगळा लाल, अशी रीतच पाडली. आत-बाहेर हा भेदही ठेवला नाही. चित्रांतून पाहणाऱ्याला ती हौस वाटते.

म्हणजे पत्रलेखक ज्या कारणासाठी काळा मागतात, नेमक्या त्याच कारणासाठी तो आत नको. तेलाचे डाग दिसत नाहीत, हे बाहेरच्या अंगाला भूषण आहे. आत ते व्यंग आहे. पहिलेच इंजिन, स्वतःच्या हाताने केलेले पाचपन्नास सांधे. पंपाचे पॅकिंग गळणार, तेलाच्या नळीचा सांधा पाझरणार, एखादा बोल्ट सैल होणार. कोणता, हे बॉयलर चढल्यावर आरशाच्या तुकड्याने आणि बॅटरीने पाहावे लागेल. तेव्हा आत लाल असेल तर ओघळ कुठून सुरू झाला ते एका दृष्टिक्षेपात कळते. काळा असेल तर रविवार गेला म्हणून समजा.

रंगाच्या नावावर मात्र फार विसंबू नये. लॉरेन्सच्या त्याच ब्रायटन रेल्वेत विल्यम स्ट्राउडली नावाचे मोठे कर्तबगार इंजिन-अधीक्षक होते. १८७० ते १८८९ अशी जवळजवळ वीस वर्षे त्यांनी तिथली इंजिने सांभाळली. त्यांच्या इंजिनांच्या रंगाचे अधिकृत नाव ‘सुधारलेला इंजिन-हिरवा’. आणि प्रत्यक्षात तो रंग पिवळा! चांगला हळदीकडे झुकणारा, सोनेरी पिवळा. १८८२ साली बांधलेले त्यांचे ‘ग्लॅडस्टन’ यॉर्कच्या रेल्वे संग्रहालयात उभे आहे. ज्याला शंका असेल त्याने लीड्सहून तासाभरात जाऊन पाहून यावे. साहेबांना रंग ओळखता येत नसत असे कोणी म्हणतात, कोणी म्हणतात त्यांना वरिष्ठांची थट्टा करायची होती. दुकानदार ‘खरा रेल्वे-लाल’ म्हणून डबा पुढे करील तेव्हा हा हिरवा आठवावा, आणि पत्र्याच्या तुकड्यावर लावून, वाळवून, मगच घ्यावा.

आता या लालमध्येही एक मेख आहे. जुना शेंदरी-लाल म्हणजे हिंगूळ, त्यात पारा. शेंदरात शिसे, हिंगुळात पारा, असे पूर्वजांचे दोन्ही लाल विषारीच. पण दोघेही असे दाट, की एका हातात खालचे सगळे झाकून टाकीत. आजचे निर्विष लाल स्वभावाने पातळ, आरपार दिसणारे असतात. करड्या अस्तरावर ते तीन हातांतही मातकटच राहतात. म्हणून खाली फिका हात हवा, पांढरा किंवा गुलाबीसर. म्हणजे एक हात वाढला. नातवासाठी आजोबांना एवढी एक संध्याकाळ जास्त मोजावी लागेल, ती त्यांनी आनंदाने मोजावी.

हात वाढला म्हणून जाडीकडे मात्र लक्ष ठेवायला हवे. वाळलेल्या रंगाचा एक पातळ हात म्हणजे सुमारे पंचवीस मायक्रॉन, इंचाचा हजारावा भाग. ऐकायला हे काहीच नाही. पण आसांच्या पेट्या ज्या खाचांत सरकतात तिथली मोकळीकही हजाराव्या भागांतच मोजलेली असते. चार हात तिथे बसले तर चाक वरखाली व्हायचे थांबते आणि इंजिन पहिल्याच वळणावर रुळावरून उतरते. तेव्हा त्या खाचा, आसांच्या पेट्या, चाकांच्या धावा, जोडदांडे यांना रंगाचा स्पर्शही होता कामा नये. चिकटपट्टी लावून ती जागा झाकावी, आट्यांच्या भोकांत ग्रीस लावलेले जुने स्क्रू फिरवून ठेवावेत. सिलिंडर जिथे पाटीवर टेकतो ती जागाही कोरीच ठेवावी. तिथे रंग राहिला तर ऊन आणि दाबाने तो हळूहळू दबतो, आणि आज घट्ट आवळलेला बोल्ट महिन्याभराने आपोआप सैल होतो.

अस्तर कोणते? उघड्या पोलादासाठी आणि गनमेटलसाठी आज ‘एच प्रायमर’ मिळतो. आपल्याकडे मोटारी रंगवणारे त्याला वॉश प्रायमरही म्हणतात. त्यात थोडे फॉस्फरिक आम्ल असते, ते धातूला किंचित चावते आणि त्या चाव्यात रंगाला धरायला जागा मिळते. त्याचा एकच हात, तोही इतका पातळ की खालचा धातू जरासा दिसावा. मात्र एवढ्यावर काम सोडून आठ दिवस गावाला जाऊ नये. हे अस्तर ओल थोपवीत नाही. डब्यावर दिलेल्या वेळात त्याच्यावर झिंक फॉस्फेटचे साधे गंजरोधक अस्तर चढवावे. शेंदराची जागा आज त्याने घेतली आहे. पिवळ्या झिंक क्रोमेटच्या वाटेला घरात जाऊ नये. शिशाच्या जागी दुसरे विष आणण्यात अर्थ नाही.

आणि त्याच्याही आधी धातू स्वच्छ पाहिजे. पोलादाची पाटी कारखान्यातून गुळगुळीत, चकचकीत येते. त्या चकचकीत अंगावर रंग धरत नाही. रॉकेलने तेल काढावे, मग साबणाच्या गरम पाण्याने रॉकेल काढावे, कोरडे करून मध्यम पॉलिश पेपरने सारखी झळ मारावी, शेवटी थिनरच्या स्वच्छ फडक्याने पुसावे. त्यानंतर उघड्या बोटाने हात लावायचा नाही. घामाच्या बोटाचा ठसा रंगाखाली राहतो आणि सहा महिन्यांनी नेमका त्याच आकाराचा गंज वर येतो. पोलिसांना उपयोगी, आपल्याला नाही!

फवारा की कुंचला, असेही विचारले आहे. बाहेरच्या अंगाला फवारा सुबक दिसेल. आत मात्र कुंचलाच. अरुंद पोकळीत फवारा उलटून अंगावर येतो आणि कोपरे कोरडे राहतात. चपटा मऊ कुंचला घ्यावा, रंगाचा डबा गरम पाण्यात ठेवून कोमट करावा, आणि हात लांब मारावा. एनॅमलवर सेल्युलोज मात्र कधी मारू नये. त्याचे थिनर खालच्या एनॅमलला सुरकुत्या पाडते. उलट क्रम चालतो. दोन डब्यांचे मिश्रण करून मारायचे जे पॉलियुरेथेन रंग असतात ते दगडासारखे टणक होतात हे खरे, पण त्यांतल्या आयसोसायनेटची फवारणी फुप्फुसाला वाईट, जन्माचा दमा लावणारी. ते काम धंदेवाल्यांकडे, जिथे बाहेरून हवा पुरवणारे मुखवटे असतात. पावडर कोटिंगही तसेच बाहेर देता येते आणि ते फार टिकाऊ. परंतु त्याचा थर जाड, भोके बुजवणारा, आणि टिचच्या टीचभर कोपऱ्यांना तो गोल करून टाकतो. मोठ्या इंजिनाला द्यावे, याला नको.

बाहेरच्या काळ्याबद्दल मतभेद पुष्कळ आहेत. मला विचाराल तर पूर्ण चमक नको, पूर्ण निस्तेजही नको. अर्धी चमक असावी. पूर्ण चमकणारा काळा एवढ्या लहान वस्तूवर खेळण्यासारखा दिसतो, आणि निस्तेज काळ्यावर प्रत्येक बोट उमटते. पुढच्या तुळईला लाल द्यावा; तो तर सगळेच देतात.

रंगवायचे केव्हा, हेही सांगून टाकतो. आधी सांगाडा कोरा असतानाच पंपाची हवा सोडून सिलिंडर चालवून पाहावेत. जिथे घासते तिथे घासू द्यावे, जिथे कानस लावायची तिथे लावून घ्यावी. मग सगळे सुटे करून, डबीडबीत स्क्रू मोजून ठेवून, रंगाला बसावे. आधी रंगवून मग दुरुस्त्या करणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांची इंजिने रंगीबेरंगी असतात. आणि लीड्सच्या ओल्या हिवाळ्यात शेड गरम केल्याशिवाय डबा उघडू नये. हवेत ओल असली की सेल्युलोजवर पांढरी छाया धरते, एनॅमल चिकटच राहते. आपल्याकडे मुंबईकराने हे काम श्रावणात काढू नये, ते याचसाठी.

एनॅमल रात्रीत हाताला लागेनासे होते, पण पक्के व्हायला निदान दोन आठवडे लागतात. तेवढे दिवस तेल दाखवायचे नाही. याच दोन आठवड्यांचा कंटाळा येऊन लोकांना भाजून काढायची कल्पना सुचते. लॉरेन्सच्या काळात इंग्रज गृहिणींचे ओव्हन या कामी बरेच राबले असावेत. पण तापणाऱ्या रंगातून थिनरची वाफ निघते, ती बंद पेटीत भडकू शकते, आणि जी निघते ती आतल्या भिंतींवर बसून पुढच्या केकला वास देते. ज्या ओव्हनमध्ये अन्न शिजते त्यात रंगवलेला भाग जाता कामा नये, मग तो कितीही लहान असो. वहिनी, हे शेवटचे वाक्य खूण करून दाखवावे.